लुकअप टेबल म्हणजे दिडकीचा पाढा: चादरींच्या ६०० फोटोंचं गणित

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅटलॉगसाठी तुम्ही चादरी आणि टेरी टॉवेलचे ६०० फोटो काढलेत, प्रत्येक २४ मेगापिक्सेलचा. पायथॉनमध्ये स्वतः लिहिलेला प्रोग्राम एकेक पिक्सेल उचलून त्याला उजेडाचं सूत्र लावतो आणि एका फोटोला दोन मिनिटं घेतो. म्हणजे ६०० फोटोंना वीस तास, तेही लाईट गेली नाही तर. कुणीतरी लुकअप टेबल वापरायला सांगितलं. वापरल्यावर वेग आला, पण तीन भानगडी झाल्या. मरून चादरींवर चट्टे उठले. पांढऱ्या टॉवेलच्या उजळ घड्यांवर फिकट आकाशी झाक आली. आणि इंटरनेटवरून उतरवलेली एक 'सिनेमॅटिक' लट (एलयूटी, म्हणजे कुणीतरी तयार करून ठेवलेलं लुकअप टेबल) लावली, तर सगळा माल नाटकाच्या पडद्यासारखा दिसायला लागला.

मी सोलापुरात बरीच वर्षं हेच काम करतोय. आधी नुसते फोटो काढायचो, मग त्या फोटोंवर चालणारे छोटे प्रोग्राम लिहायला लागलो. तुमच्या तिन्ही भानगडी माझ्या हातून कधी ना कधी होऊन गेल्यात, त्यामुळे जरा लांबण लावून सांगतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असायची. सतरा वार कापड साडेतीन रुपये वारानं म्हटलं की साडेएकोणसाठ हा आकडा तोंडातून बाहेर पडायचा. गुणाकार ते करतच नसत. तो लहानपणी एकदाच करून ठेवलेला होता, आता फक्त आठवायचं. लुकअप टेबल म्हणजे एवढंच. उत्तरं आधी काढून ओळीनं लावून ठेवायची आणि काम करताना नुसती बघायची. रंगखान्यातला मास्तरही तेच करतो. शेड नंबर सांगितला की रजिस्टर उघडतो, कुठला रंग किती ग्रॅम ते वाचतो. दर वेळी रसायनशास्त्र मांडत बसत नाही.

आता आकडे बघा. तुमचा फोटो ६००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे ७ कोटी २० लाख वेळा तुमचा प्रोग्राम घातांकाचं गणित करतो. पण ८ बिट फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ मधलाच असतो. वेगवेगळे प्रश्न फक्त २५६. तुम्ही तेच २५६ प्रश्न सात कोटी वेळा सोडवताय. ते एकदाच सोडवून २५६ खणांच्या टेबलात ठेवले की उरतो तो नुसता 'या नंबरच्या खणात काय आहे' एवढा प्रश्न. २५६ बाइटचं टेबल प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये (त्याला लागूनच असलेल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावून वर भरपूर जागा उरते, म्हणून ते बघणं जवळजवळ फुकटात पडतं.

फोटोंवर काम करणाऱ्या ओपनसीव्ही लायब्ररीत यासाठी 'एलयूटी' नावाचंच फंक्शन आहे, पिलो या तशाच दुसऱ्या लायब्ररीत 'पॉइंट' आहे, आणि आकड्यांसाठीच्या नमपाय लायब्ररीत टेबलाच्या चौकटी कंसात अख्खा फोटो घातला तरी तेच काम होतं. तिन्हींपैकी काहीही वापरा, पण पायथॉनचा 'फॉर' लूप पिक्सेलवर फिरवू नका. टेबल असूनही लूप फिरवणारे लोक मी बघितलेत. दुकानात पाढा पाठ असलेला मुनीम बसवायचा आणि प्रत्येक आकडा त्याला पोस्टानं पाठवायचा, असा तो प्रकार.

टेबल भरण्याआधी एक प्रश्न विचारायचा, आणि माझ्या मते सगळी विद्या त्या एका प्रश्नात आहे: बाहेर येणारा आकडा आत गेलेल्या त्याच एका आकड्यावरून ठरतो का? उजेड, काँट्रास्ट, गॅमा (आकड्याला लावलेला घात), कर्व्ह (कुठल्या आकड्याचा कुठला व्हायचा याचा आलेख), व्हाइट बॅलन्स (उजेडाची पिवळट-निळसर झाक काढणं), निगेटिव्ह, या सगळ्यांना उत्तर 'हो' आहे. लालचा नवा आकडा काढायला जुना लाल पुरतो. अशा कामांना २५६ खणांचं साधं टेबल, फार तर लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलना तीन. सॅच्युरेशन (रंग किती भडक), 'फक्त मरून थोडा गडद कर', ब्लॅक अँड व्हाइट, यांना उत्तर 'नाही'. तिथं नवा लाल काढायला हिरवा आणि निळाही बघावा लागतो. त्यासाठी तीन मितींचं टेबल लागतं, त्याकडे पुढे येतो. आणि शार्पन, ब्लर, डाग पुसणं यांत शेजारचे पिक्सेल लागतात, तिथं टेबलाचं काहीच चालत नाही. तुमच्या तीनपैकी एका भानगडीचं, मरून चट्ट्यांचं, मूळ या प्रश्नाशीच जाऊन भिडतं.

साधं टेबल जवळून बघू. समजा तुम्हाला सावल्या उजळायच्यात आणि त्यासाठी ०.७ चा घात लावलाय. आकडा भागिले २५५, त्याचा ०.७ वा घात, गुणिले २५५, मग जवळच्या पूर्णांकावर आणायचं. ६४ चे ९७ होतात, १२८ चे १५७, २०० चे २१५. इथवर छान. आता टोकं बघा. ० चा ०, पण १ चा थेट ५. १० चे २६ आणि ११ चे २८, मधला २७ कुणाच्याच वाट्याला येत नाही. वरच्या टोकाला उलटं. २४० ते २५४ हे पंधरा आकडे २४४ ते २५४ या अकरा खणांत दाटीवाटीनं बसतात. म्हणजे काळ्या चादरीच्या सावलीतला कॅमेऱ्याचा दाणा (नॉइज) पाचपट मोठा होणार आणि पांढऱ्या टॉवेलच्या उजळ भागातला टेरीचा पोत काहीसा मिटणार. टेबल हाताशी असलं की हे फोटो उघडण्याआधीच दिसतं, नुसते २५६ आकडे छापून बघायचे. मी नवीन कर्व्ह बनवला की आधी पहिले वीस आणि शेवटचे वीस खण डोळ्यांखालून घालतो.

भरताना दोन चुका सगळेच करतात. पहिली, दशांश छाटणं. पायथॉनमध्ये पूर्णांक करताना २१५.९ चे २१५ होतात, २१६ नाही. एका टेबलात हा फरक कुणाला दिसत नाही, पण एकामागून एक चार टेबलं लावलीत की फोटो हळूहळू काळवंडतो आणि कारण सापडत नाही. आधी राउंड करा, मग पूर्णांक.

दुसरी चूक माझ्या अंगाशी आली होती. एका जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढले होते. हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. सकाळचे फोटो जरा अंधारे आले म्हणून घाईघाईत टेबलबिबल न करता नमपायच्या ॲरेमध्ये सरळ २० मिळवले आणि रात्री फोटो पाठवून दिले. ८ बिटमध्ये २५५ च्या पुढे जागाच नसते. २५० अधिक २० म्हणजे २७०, त्यातून २५६ वजा, उरले १४. गाडीचं मीटर नऊशे नव्व्याण्णववरून शून्यावर यावं तसं. बाराबंदीवर जिथं ऊन पडलं होतं तिथं सगळीकडे काळे धब्बे. सकाळी मित्राचा फोन आला, "का बे, भक्तांना डांबर फासलास काय?" टेबल केलं असतं तर हे होऊच शकलं नसतं, कारण २५६ आकडे भरताना शेवटी एकदा ० आणि २५५ च्या मध्ये दाबून घेतलं की पुढे कुठल्याही पिक्सेलला वर उसळायची सोयच राहत नाही.

आता टेबलांची खरी मजा. समजा तुम्हाला व्हाइट बॅलन्स लावायचाय, मग उजेड, मग थोडा काँट्रास्ट. तिन्ही कामं एकाच चॅनलपुरती आहेत. तीन टेबलं तीन वेळा फोटोवरून फिरवायची गरज नाही. पहिल्या टेबलातून निघालेला आकडा दुसऱ्यात घाला, त्यातून निघालेला तिसऱ्यात, असं ० ते २५५ साठी करा. तिन्हींचं मिळून एकच टेबल तयार होतं. फोटोला हात एकदाच लागतो. कामं तीन असोत की तेरा, वेळ तोच.

पण हे जोडकाम दशांशात करा. मधल्या टप्प्यांना पूर्णांक करू नका. उदाहरण अगदी बाळबोध घेतो. पहिलं टेबल आकडा निम्मा करतं, दुसरं दुप्पट. जोडलं तर काहीच बदल व्हायला नको. पण मध्ये ८ बिटवर आणलंत तर १०० आणि १०१ दोघेही ५० होऊन बसतात, आणि दुप्पट केल्यावर दोघे १००. २५६ पैकी जवळजवळ निम्मे आकडे गायब. एकरंगी टॉवेलच्या फोटोत मागच्या पडद्यावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, त्या इथून येतात. दशांशात जोडून शेवटी एकदाच राउंड केलंत तर १०१ चे १०१ राहतात.

इथूनच तुमच्या आकाशी घड्यांकडे जाऊ. तुम्ही लिहिलंय की करड्या कार्डावर (रंग जुळवायला मालाशेजारी ठेवतात त्या) लाल १२६, हिरवा ११८, निळा १०४ असे आकडे आले आणि तुम्ही हिरव्याला धरून बाकीचे दोन जुळवलेत. कार्ड १८ टक्के परावर्तनाचं, एसआरजीबीत (जेपीईजी आणि स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) त्याचं घर ११८ च्या आसपास, म्हणजे एक्स्पोजर बरोबर होतं. उजेड मात्र पिवळट होता. एसआरजीबीचा कर्व्ह उलटवून सरळ प्रकाशाच्या मापात गेलं तर लालला ०.८७ आणि निळ्याला १.३१ असे गुणक निघतात. (बऱ्याच जणांना वाटतं की थेट ११८ भागिले १०४ केलं तर भयंकर चूक होते. होत नाही. नुसता घात असला तर दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. एसआरजीबीच्या कर्व्हला खालच्या टोकाशी एक सरळ तुकडा आहे, तेवढ्यापुरता गडद भागात फरक पडतो.)

गडबड दुसरीकडे आहे. टॉवेलची जी घडी कॅमेऱ्यातच जळून गेली आहे, तिथं तिन्ही आकडे २५५ आहेत. निळा १.३१ नं वर जायला बघतो पण २५५ ला अडतो. हिरवा जागेवर. लाल मात्र ०.८७ नं खाली येतो, २५५ चा २४० होतो. २४०, २५५, २५५ म्हणजे फिकट आकाशी. हीच तुमची झाक. उपाय सोपा आहे. तिन्ही गुणकांना सगळ्यात लहान गुणकानं भागा, म्हणजे लाल १, हिरवा १.१५, निळा १.५१. आता कुठलाच चॅनल खाली येत नाही आणि जळलेला पांढरा पांढराच राहतो. फोटो थोडा जास्त उजळेल, ते उजेडाच्या टेबलात मागे घ्या, फक्त वरचं टोक २५५ ला धरून कर्व्हनं मागे घ्या. आणि पुढच्या वेळी पांढरा माल शूट करताना एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवा. जळलेल्या घडीतला पोत कुठलंही टेबल परत आणत नाही. ज्या खणात माहितीच नाही तिथून काय काढणार?

मरून चादरींचे चट्टे हे याहून मजेशीर प्रकरण आहे. तुम्ही फोटो एचएसव्हीत नेलात (यात लाल-हिरवा-निळाऐवजी ह्यू म्हणजे रंग कुठला, सॅच्युरेशन आणि उजेड असे तीन आकडे असतात), ह्यूच्या आकड्यावरून '० ते १० म्हणजे लाल' असं ठरवलंत आणि तेवढ्यांचं सॅच्युरेशन टेबलानं बदललंत. ओपनसीव्हीत ८ बिट फोटोसाठी ह्यू ० ते १७९ असतो, कारण ३६० अंश एका बाइटमध्ये मावत नाहीत म्हणून निम्मे करून ठेवलेत. आणि ह्यू हे वर्तुळ आहे. लाल बरोबर सांध्यावर बसलाय, अर्धा शून्याच्या पुढे, अर्धा १७९ च्या अलीकडे. एकाच चादरीतले दोन पिक्सेल घ्या. एक १५०, ४०, २०, ट्यूबलाइटकडच्या बाजूचा. दुसरा १५०, २०, ४०, खिडकीतून निळसर उजेड आलेल्या बाजूचा. डोळ्याला दोन्ही मरूनच. पण पहिल्याचा ह्यू ५ आणि दुसऱ्याचा १७५. तुमच्या टेबलानं पहिल्याला हात लावला, दुसऱ्याला ओळखलंच नाही. घडीच्या एका बाजूचा रंग बदलला, दुसऱ्या बाजूचा जुनाच राहिला. तेच चट्टे.

तात्पुरता इलाज म्हणजे ह्यूमध्ये ९० मिळवून १८० नं भाग देऊन बाकी घ्यायची. लाल मधोमध येतो, मग सलग पट्टा निवडता येतो. शिवाय पट्ट्याच्या कडा एकदम तोडू नका, उताराच्या ठेवा, नाहीतर १० वाला पिक्सेल बदलेल आणि ११ वाला नाही, पुन्हा तीच रेघ.

पण खरं सांगू का, मी हे काम ह्यूच्या टेबलानं करणं सोडूनच दिलंय. ८ बिट ह्यूची एक पायरी म्हणजे दोन अंश. ते फार जाड आहे. आणि करडेपणाकडे झुकलेल्या पिक्सेलचा ह्यू हा नुसता गोंधळ असतो, कॅमेऱ्याच्या दाण्यावर हेलकावतो. 'लाल आहे का' हे ठरवायला ह्यूबरोबर सॅच्युरेशनही बघायला लागतं. म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' झालं, आणि 'नाही' आलं की सरळ तीन मितींचं टेबल.

तीन मितींच्या टेबलात प्रत्येक लाल-हिरवा-निळा त्रिकुटाला स्वतःचा खण मिळतो. सगळेच रंग ठेवायचे म्हटलं तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ खण, तीन-तीन बाइटचे, म्हणजे ४८ एमबी. ते जमतं, पण कॅशमध्ये मावत नाही, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी मेमरीत लांब फेरी मारावी लागली की टेबलाचा फायदाच जातो. म्हणून सगळे रंग ठेवत नाहीत. घनाच्या प्रत्येक बाजूला १७, ३३ किंवा ६५ बिंदू घेतात. ३३ चा घन ३५,९३७. दशांशात ठेवलं तरी सव्वाचारशे केबीच्या आसपास. मधल्या रंगांसाठी शेजारच्या बिंदूंवरून अंदाज काढायचा, ज्याला इंटरपोलेशन म्हणतात. रंगखान्यात दोन शेडच्या मधली शेड मागितली की मास्तर दोन्ही रेसिप्या समोर ठेवून मधला हिशोब काढतो, तसंच. ३३ बिंदू घेतले तर दोन बिंदूंत साधारण आठाचं अंतर. शून्यापासून मोजलं तर १०० हा आकडा बाराव्या आणि तेराव्या बिंदूच्या मध्ये, अर्ध्याच्या जरा पुढे पडतो.

यातला मोठा फायदा असा की सूत्र कितीही महाग असलं तरी चालतं. रंग लॅबमध्ये (उजेड आणि रंगछटा वेगळ्या मांडणाऱ्या रंगपद्धतीत) न्या, मरूनच्या भोवतीचा भाग निवडा, कडा मऊ करा, परत आणा. हे सगळं ३५,९३७ रंगांवरच चालवायचंय, २ कोटी ४० लाख पिक्सेलवर नाही. तुमचा तो संथ लूपसुद्धा इथं डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. चादरीसाठी असं टेबल एकदा बनवलं की त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना तेच चालतं. पिलोमध्ये २०१८ च्या ५.२ आवृत्तीपासून 'कलर थ्रीडी लट' हा फिल्टर आहे. त्याला तुमचं फंक्शन दिलं की टेबल तोच भरतो.

एक खड्डा सांगून ठेवतो. क्यूब फाइलमध्ये (तीन मितींचं टेबल साठवायची फाइल) आकडे लिहिताना लाल सगळ्यात भराभर बदलतो, निळा सगळ्यात सावकाश. तुम्ही लूप लिहिताना सवयीनं लाल बाहेर आणि निळा आत ठेवलात तर लाल-निळ्याची अदलाबदल होते. ओपनसीव्ही फोटो वाचतानाच निळा-हिरवा-लाल या क्रमानं देतो, त्यामुळे कधीकधी दोन चुका एकमेकींना झाकतात आणि सगळं बरोबर दिसतं, मग एके दिवशी लायब्ररी बदलली की मरून चादरी निळ्या होतात. नवीन टेबल बनवलं की शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा असे तीन पिक्सेल त्यातून काढून बघायचे. एवढंसं काम आहे, पण लोक करत नाहीत.

दुसरी चाचणी करड्याची. ० ते २५५ चा करडा पट्टा बनवा, टेबलातून काढा, तिन्ही आकडे सारखे राहतात का बघा. पिलोचा फिल्टर आजूबाजूचे आठही बिंदू वापरतो, त्यात करड्या रंगासाठीसुद्धा सहा बिंदू करडे नसलेले येतात आणि टेबल ओबडधोबड असेल तर हलकी झाक चढू शकते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामचा 'लट थ्रीडी' फिल्टर घनाचे चतुष्फलक पाडून फक्त चार बिंदू वापरतो. करडा रंग बरोबर कर्णावर पडतो, त्याला दोन करडेच बिंदू पुरतात. पांढरे टॉवेल असतील तर मी नेहमी दुसरी पद्धत घेतो.

प्रोग्रामिंग न करणाऱ्यांसाठी एक सोपा मार्ग आहे, हॉल्ड. ५१२ बाय ५१२ ची एक प्रतिमा असते, तिच्यात ६४ च्या घनाचे सगळे रंग एकेकदा मांडलेले असतात. ती गिंप या फोटो एडिटरमध्ये उघडायची, चादरीच्या फोटोला जे केलं तेच तिला करायचं, की ती रंगलेली प्रतिमाच तुमचं टेबल. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे फोटो सुधारायचे दोन्ही प्रोग्राम ती थेट वाचतात. फक्त ती पीएनजीत ठेवा. जेपीईजीत सेव्ह केली किंवा मोबाइलच्या चॅटवरून कुणाला पाठवली, की दाबताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात, आणि इथं शेजारचा पिक्सेल म्हणजे शेजारचा खण. रजिस्टरवर चहा सांडल्यासारखं.

ती उतरवलेली 'सिनेमॅटिक' लट. तिच्यात दोष नाही. टेबलाला आत काय येणार हे ठाऊक नसतं, ते बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. अशा बऱ्याच लट सिनेमा कॅमेऱ्याच्या लॉग फुटेजसाठी असतात. ते फुटेज मुळातच फिकट, राखाडी, काँट्रास्ट दाबलेलं असतं आणि लट तो काँट्रास्ट परत ताणते. तुमच्या जेपीईजीत कॅमेऱ्यानं आधीच काँट्रास्ट चढवलाय, त्यावर पुन्हा ताण. मिठाच्या भाजीत पुन्हा मीठ. आणि मुळात कॅटलॉगला सिनेमा कशाला हवा? गिऱ्हाईकानं फोटोत मरून बघून मागवली आणि हातात विटकरी आली की माल परत येतो, भाडं कारखानदाराच्या अंगावर.

वेगाबद्दल शेवटचं. टेबल लागलं की रंगाचं काम सेकंदाच्या आत संपतं आणि वेळ खातं ते जेपीईजी उघडणं आणि परत दाबणं. तिथं टेबल आणखी चकाकवून उपयोग नाही. एकेक फोटो वेगळ्या प्रोसेसला द्या, चार कोअर असतील तर चार एकदम. आणि टेबल प्रत्येक फोटोसाठी नव्यानं भरू नका, ही चूक तुमच्या प्रोग्राममध्ये आहे. ते लूपच्या बाहेर एकदाच भरायचं.

टेबल नेहमीच जिंकतं असंही समजू नका. १९९१ साली आलेल्या लिबजेपीईजी या जेपीईजी उघडणाऱ्या-दाबणाऱ्या लायब्ररीत लाल-हिरवा-निळा यांचं उजेड आणि रंगछटा यांत रूपांतर करायला टेबलं भरलेली आहेत, कारण तेव्हा गुणाकार महाग होता. आजच्या प्रोसेसरला एका दमात सोळा-बत्तीस आकड्यांचा गुणाकार-बेरीज जमते, म्हणून त्याच लायब्ररीची टर्बो आवृत्ती शक्य तिथं सरळ गणितच करते. नुसतं 'दीडपट कर' असेल तर टेबल आणि गणित उन्नीस-बीस. घात, लॉगॅरिदम, 'जर-तर', लॅबची ये-जा असं काही आलं की टेबल.

तुमच्या जागी मी आज रात्री काय केलं असतं ते सांगतो. फोटो उजेडाप्रमाणे वेगळे केले असते, खिडकीचे वेगळे, ट्यूबलाइटचे वेगळे. खिडकी आणि ट्यूब दोन्ही असलेले मरून चादरींचे फोटो परत काढले असते, पडदा ओढून. प्रत्येक गटाच्या करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स, उजेड आणि काँट्रास्ट जोडून तीन चॅनलची तीन साधी टेबलं. मरूनसाठी ३३ चं एक वेगळं. मोबाइलनं काढलेले फोटो असतील तर त्यांची प्रोफाइल (आकडे कुठल्या रंगपद्धतीतले ते सांगणारी फाइलमधली नोंद) बघा. ती डिस्प्ले पी३ (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणारी पद्धत) असेल तर आधी एसआरजीबीत आणा, कारण ओपनसीव्ही प्रोफाइल टाकून देतो आणि पिलोलाही जेपीईजी साठवताना ती हातानं द्यावी लागते. मग ६०० नाही, दहाच फोटो टेबलातून काढायचे. ते घेऊन सकाळी अकराच्या सुमारास कारखान्यात जायचं, चादर दारातल्या उजेडात धरायची, शेजारी लॅपटॉप ठेवायचा आणि रंगखान्याच्या मास्तरांना बोलवायचं. मागच्या वेळी आमच्या मास्तरांनी तीन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "लाल जास्त झालाय, दोन आणे कमी कर." टेबलात लालचा गुणक अर्ध्या टक्क्यानं उतरवला, पुन्हा दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि परत भट्टीकडे गेले. उरलेले ५९० फोटो जेवायच्या सुट्टीत झाले.